बटाट्यांनंतर बघू

वॉट्रस, सस्कॅचेवान, कॅनडा
नोव्हेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या रविवारी तुमच्या टोरोंटोत घड्याळं मागे झाली, आमची आपली जागच्या जागी. या प्रांताला तो उद्योग मान्यच नाही. आता मार्चपर्यंत तुझ्यामाझ्यात एकच तासाचं अंतर, तेव्हा ‘तू झोपली असशील म्हणून फोन केला नाही’ हे कारण चालणार नाही.

घर विकून तुझ्या टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला या, असं तू पुन्हा लिहिलंयस. बाबा वाचून गप्प बसले आणि गाडीला ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणारी, वायर लावायला बाहेर गेले. बाहेर थंडी होती अवघी उणे सहा! म्हणजे उत्तर मीच द्यायचं.

गेल्या महिन्यात गावजेवण झालं. हॉलमध्ये तुला आवडायचं ते, टर्की, ग्रेव्ही आणि पंधरा प्रकारच्या पायांचं. (पाय म्हणजे इंग्रजीतले, सारण भरून भाजलेले, हे तुझ्या आजीला मी अजून समजावतेय.) या वेळी मी मोठं पातेलंभर मसुराची उसळ केली होती. डोक्यात आपलं एक होतं, की जगभर जाणारा मसूर या प्रांतात पिकतो, लेअर्ड आणि एस्टन ही वाणंसुद्धा इथल्याच गावांच्या नावांची, आपल्या मेहकरच्या दुकानातही बहुधा इथलाच माल. मग पिकवणाऱ्यांनी एकदा खाऊन तर बघावा. पलीकडच्या शेतातले आजोबा वर्षानुवर्षं मसूर लावतात. ताटात चमचाभर घेऊन त्यांनी मला विचारलं, “हे तुम्ही लोक रोज खाता?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, दुखवट्याला आल्यासारखी, आणि ग्रेव्हीकडे वळले.

अर्धं पातेलं परत आलं गं. आम्ही दोघं चार दिवस तेच खात होतो.

पण सांगायचं ते पुढचंच. जेवणं उठल्यावर मी मागे भांड्यांना गेले. वाफेने चष्मा धुरकटलेला, चार बायका ओळीने उभ्या, एक विसळतेय, एक पुसतेय. मी फडकं घेऊन ओळीत घुसले. कुणी ‘राहू दे, तू पाहुणी’ म्हटलं नाही. तेरा वर्षं ते वाक्य ऐकत आले होते, या वेळी नाही म्हणजे नाही. शेवटी शेजारच्या बाईने ओट्याखालची वही काढली आणि पुढच्या वर्षाच्या पानावर माझं नाव लिहिलं, ‘बटाटे’ या शब्दासमोर. चार पोती सोलायचे! विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन बाबांना सांगताना माझा आवाज कापरा झाला, आणि बाबा म्हणाले, “बटाट्यांसाठी रडतेस?”

तुला इथे कोंडल्यासारखं व्हायचं, ते मी विसरलेली नाही. कुणाच्या गाडीत कोण बसलं हे को-ऑपच्या दुकानात दूध घेईपर्यंत सगळ्या गावाला कळलेलं असतं, आणि मोठ्या कामाला सस्काटून शहर गाठायचं. पहिल्या हिवाळ्यात दाराची बेल वाजावी म्हणून मी खिडकीत बसायचे. तेव्हा बाबांना मी रोज ‘इथून चला’ म्हणायचे, तू आता म्हणतेस तसंच.

सस्काटूनच्या वाटेवर तू मागच्या सीटवरून पाट्या ओरडायचीस, आठवतं? वॉट्रस, झीना (‘एक्स’ची), यंग, झेल्मा, आणि मग परत ‘ए’पासून, ॲलन, ब्रॅडवेल, क्लावेट. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने स्टेशनांना इंग्रजी बाराखडीच्या ओळीने नावं देऊन टाकली. घोडागाडीत धान्य घालून शेतकऱ्याला दिवसात जाऊन परतता यावं इतक्या अंतरावर स्टेशन, तिथे धान्याचं लाकडी एलेव्हेटर, म्हणजे साठवणीचा उंच मनोरा, त्याभोवती गाव. पुढे ट्रक आले, एलेव्हेटर पडली, काही गावंही विरली. झीनात आज काय उरलंय सांग बघू? म्हणून इथे जे टिकलंय ते कुणीतरी रोज हाताने धरून ठेवलेलं असतं. कर्लिंग खेळायचा बर्फ, हॉलची किल्ली, ती वही, सगळंच. मॅनिटू बीचचं डान्सलँड, ते नाचाचं सभागृह, १९२८ पासून उभं आहे. घोड्याच्या केसांवर बसवलेली ती लाकडी जमीन अजून पायाखाली लवते. तू त्यावर उड्या मारून ओरडा खाल्ला होतास.

आजी उन्हाळ्यात येते म्हणतेय. मागच्या खेपेला मॅनिटूच्या त्या खाऱ्या तळ्यात लुगड्यासकट तरंगली आणि वर म्हणाली, “हे तर आपल्या लोणारचं भावंड.” तू त्याच वेळी रजा काढ.

काल रस्त्यात ते मसूरवाले आजोबा समोरून ट्रकमधून आले. स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, इथली रामराम तेवढीच. मीही उचललं.

लाडू कुरिअरने पाठवलेत, चकल्या मोडतील म्हणून ठेवून घेतल्या. आणि घराचं आता बटाट्यांनंतर बघू.

तुझी,
आई