वहीतल्या त्या पानांसाठी आभार

दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी लेखाकर्माचा वर्ग, असं वर्षभर चाललं होतं. वर्षअखेरीला ऑफिसात काम इतकं वाढलं की वर्ग बुडायला लागले आणि नेमका तेव्हाच घसाऱ्याचा, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी किती घटते ते मांडण्याचा, धडा सुरू झाला. परत गेले तेव्हा फळ्यावरचं काहीच कळेना. कोर्स सोडायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

शेजारच्या बाकावरच्या ताईंनी काही न विचारता वही पुढे सरकवली. बुडलेल्या प्रत्येक तासाची टिपणं त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या पानांवर उतरवून ठेवली होती. त्याही नोकरी करूनच येतात, म्हणजे हे रात्री जागून लिहिलेलं. नुसती उतरवलेली गणितंही नव्हेत. एक लाखाचं यंत्र, घसारा दहा टक्के: स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी १०,०००, तर ऱ्हासमान शेष पद्धतीत दुसऱ्या वर्षी ९,०००. शेजारी लाल पेनाने बाण काढून लिहिलेलं, ‘कारण आता उरलेल्या ९०,००० वर!’ त्या एका ओळीने माझं अख्खं प्रकरण सुटलं.

शिपाईकाकांचेही आभार. वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी गणितं सोडवत बसायचो आणि ते आमच्यासाठी कुलूप न लावता थांबायचे. ऑफिसातल्या ज्या सहकाऱ्याने वर्गाच्या दिवशी शेवटच्या तासाचे फोन स्वतःकडे घेतले, त्याचेही.

ताई, मी पास झाले. ती पानं आता माझ्यामागून आलेल्या एका मुलीकडे आहेत.