लगूनच घे, बाय

वास्को,
12 नोव्हेंबर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू डिसेंबरातल्या लक्षद्वीपच्या सहलीबद्दल विचारलंस, "बाबा, तिन्हीतलं कुठलं घेऊ?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं फोन काढून घेतला आणि सोनूच्या खोकल्याची चौकशी सुरू केली. त्यात माझा डावा कान. 31 वर्षं पोर्टाच्या लाँचवर, म्हणजे छोट्या मोटारबोटीवर, इंजिनाशेजारी काढल्यावर त्यानं माझ्या आधीच निवृत्ती घेतली. म्हणून लिहितोय. वाचून झालं की जावईबापूंनाही दे. त्यांच्या मिशीचा विषय पुढे आहे.

तू पाठवलेला जहाजाचा कागद मी झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत काढून आणला. लगूनमधलं स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं, बोटीनं रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेरच्या कडेवर जाऊन स्नॉर्कलिंग, आणि तिसरी ती काचेच्या तळाची बोट. बाहेरच्या कडेचा फोटो सगळ्यांत झकास, पैसेही सगळ्यांत जास्त. तुझं मन तिकडेच आहे, हे तू दोनदा "पण बाबा" म्हणालीस तेव्हाच कळलं. तरी सांगतो, लगून घे.

आपल्या मुरगावहून सुटलेलं जहाज लक्षद्वीपला पोचतं तेव्हा बेटाला लागत नाही, बाहेरच नांगर टाकतं. कारण ही बेटं म्हणजे आपल्यासारखी डोंगराची टोकं नव्हेत. समुद्रात एक प्रवाळाचं कडं, कडीसारखं, आणि बहुतेक ठिकाणी त्या कड्याच्या पूर्वेच्या बाजूवर वाळूची एक चिंचोळी पट्टी. तेच बेट. 36 बेटं मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, त्यातल्या 10 बेटांवर माणसं राहतात. कड्याच्या आत जे उथळ पाणी अडकलंय ते लगून, आणि ते बहुतेक बेटांच्या पश्चिमेला. आता डिसेंबरात वारा ईशान्येकडून. म्हणजे बेट मध्ये आडवं येतं आणि लगून आडोशाला राहतं. बाहेर लाट असली तरी ती कड्यावर फुटते, आत नुसती लवलव. पावसाळ्यात हेच गणित उलटं होतं, पण तेव्हा तुम्ही जात नाही आहात.

तू म्हणशील, उथळ पाण्यात काय बघायचं? अगं, उथळ पाण्यातच बघायचं असतं. पाणी पहिल्यांदा लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवर गेलं की लाल मासा करडा दिसायला लागतो, आणखी खाली सगळंच निळं-हिरवं. ते भडक फोटो खाली दिवा नेऊन काढलेले असतात. तुम्ही वर तरंगणारी माणसं. तुमच्या पोटाखाली दोन मीटर पाणी असलं तर रंग जवळजवळ जसेच्या तसे दिसतात, शिवाय मास्कच्या काचेमुळे मासा आहे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं मोठा भासतो. बाहेरच्या कडेला तळ एकदम तुटतो. पोहणाऱ्याला ती गंमत. पण सोनूला खाली नुसता काळानिळा खड्डा दिसला की तो तुझ्या गळ्यालाच मिठी मारील. तू सात वर्षांची होतीस तेव्हा बोगमाळोला गुडघाभर पाण्यात माझा अंगठा सोडत नव्हतीस. तुझंच पोर ते.

एक कबुली देतो. इतकी वर्षं समुद्रावर काढून मी पाण्यात डोकं कधी घातलं नव्हतं. आम्हा लाँचवाल्यांचा समज असा की डोकं पाण्याखाली गेलं म्हणजे काहीतरी चुकलं. पहिल्यांदा घातलं ते निवृत्तीनंतर, तुझे मामा पुण्याहून आले होते तेव्हा, इथल्या ग्रँड आयलंड बेटाला. तू तेव्हा बंगळूरला होतीस. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस पडून गेलेला, मांडवी आणि झुआरी दोन्ही लाल. मी वरूनच पाण्याचा रंग बघून म्हटलं, आज काही दिसायचं नाही. पण पैसे भरलेले. बोटीवर तीसेक माणसं, एका जॅकेटाची बक्कल तुटलेली, ती सुतळीनं बांधलेली. बोटवाल्यानं पाव फेकला, पट्टेवाले मासे झुंडीनं आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते काही पटलं नाही. मासा बघायला आलात की कोंबड्यांना दाणे टाकायला?

मी जरा लांब गेलो. तिथं एक कुडुम कुडुम आवाज यायला लागला, कुणी खडीसाखर चावतंय तसा. बघतो तर हिरवा-निळा पोपटमासा, खडकाला तोंड लावून कुरतडतोय. एवढी वर्षं मी त्याच्या डोक्यावरून लाँच हाकली आणि हा आवाज कधी ऐकला नाही. ऐकणार कसा, इंजिन होतं ना. त्याच्या मागे मागे गेलो. मान वर केली तेव्हा बोट भलतीच लांब.

मग मारायला लागलो पाय. खाली खडकावर एक काळा काट्यांचा गोळा होता, समुद्री साळू. पाच मिनिटं जीव तोडून पाय मारले आणि खाली बघितलं, तर साळू माझ्या छातीखाली होता तो आता डोक्याच्या पुढे. म्हणजे मी पुढे जाऊन मागेच येत होतो. बेटाच्या नाकावरून ओहोटीची ओढ लागली होती. ज्या ओढीचा हिशेब मी रोज चाकावर बसून मांडायचो, ती अंगाला लागल्यावर ओळखता आली नाही. मग डोकं ठिकाणावर आलं. ओढीच्या तोंडाशी भांडायचं सोडून आडवा निघालो, खडपाच्या कडेनं, जिथं पाणी थंडावलं होतं. तिथून हात वर केला. बोटवाला आला, आणि वर मलाच म्हणाला, "काका, लांब जायचं नसतं." आईला यातलं अर्धंच सांगितलंय. तूही अर्धंच वाचून दाखव.

म्हणून जागा निवडताना माशांची नावं विचारू नकोस. तिथल्या माणसाला विचार, पाणी आत्ता कुठल्या बाजूला चाललंय. लगूनलाही तोंड असतं. बोटी आत-बाहेर करतात ती कड्यातली खिंड. ओहोटीला आतलं सगळं पाणी तिथूनच बाहेर धावतं, तेव्हा खिंडीच्या जवळपास फिरकायचं नाही. मग विचार, दम लागला तर पोराचे पाय कुठं टेकतील? वाळूवर टेकले पाहिजेत, प्रवाळावर नव्हे. सुरुवात करायची ती ओढीच्या विरुद्ध दिशेनं, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच आणून सोडतं. एवढी उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर काचेच्या बोटीत बस आणि नारळपाणी पी. पैसे गेले तर गेले.

तुमच्या तारखेला तिथी बघितली, अष्टमीच्या आसपास येते. म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढत-उतरत नाही, ओढही कमी. हे चांगलं जुळून आलंय. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला साधारण तीन वाजता, तुझ्या आजोबांनी तुला बोटांवर शिकवलं होतं. ते गणित तिकडे लावू नकोस. तिथलं पाणी तिथल्याच माणसाला माहीत.

माझ्या धंद्यातलं मात्र एक ऐक, कारण कागदात ते कुठंच नाही. मला स्नॉर्कलिंगपेक्षा जहाजावरून छोट्या बोटीत उतरण्याचीच जास्त काळजी आहे. आम्ही पायलटला, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्याला, जहाजाच्या शिडीवर चढवायचो तेव्हा एकच नियम होता: लाँच लाटेच्या माथ्यावर असतानाच पाय उचलायचा. लाट उतरत असताना उचलला तर पुढची लाट लाँचला वर आणते आणि पाय मध्ये सापडतो. तुम्हाला दोरीची शिडी नसेल, पायऱ्या असतील, पण बोट तशीच वरखाली होणार. बोटीवरचा माणूस "आता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं, त्याच्या मनगटाला धरायचं, बोटांना नाही. आणि दोन काठांच्या मध्ये हात कधीही ठेवायचा नाही, सोनूचा तर नाहीच. मोबाईल खिशात. फोटो नंतर.

जहाजाच्या दोन दिवस आधी घरी येताय तेव्हा इथं सराव करू म्हणालीस. कर, पण ग्रँड आयलंडला जाऊन मन खट्टू करून घेऊ नकोस. आपलं पाणी वाईट नाही, पण दोन नद्यांच्या तोंडाशी आहे. हंगामातल्या चांगल्या दिवशीही चार-सहा मीटर दिसलं तर देव पावला. तेही सकाळी, भरती चढताना, जेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. दुपारी वारा उठला की संपलं. जवळपास खरंच नितळ पाणी हवं असेल तर मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी. ते किनाऱ्यापासून लांब, नदीचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही. मालवणला किल्ल्याच्या आसपासही बरं असतं. पण ते पुढच्या वर्षी. आता पुण्यातच कुठल्या तरी तलावात सोनूला तीन-चार वेळा मास्क लावून पालथा तरंगायला शिकव. नळीतून पाणी आलं की घाबरून डोकं वर काढायचं नाही, जोरात फू करायचं, मेणबत्ती विझवतो तसं. हे घरच्या बादलीतही होतं. बोगमाळोला मी उभा राहीन.

मास्क बोटीवरचा घेऊ नका, स्वतःचा घ्या. दुकानात पट्टा न लावता तोंडावर टेकवायचा आणि नाकानं श्वास ओढायचा. हात सोडल्यावर पडला नाही तर तो आपला. आता जावईबापू. मिशीच्या केसांतून पाणी शिरतंच. एक तर नाकाखालची रेघ जरा छाटायची, नाहीतर व्हॅसलिन चोपडायचं. मी व्हॅसलिन चोपडलं होतं. दिवसभर बांगड्यासारखा चकाकत होतो. अख्खं तोंड झाकणारे ते नवे मास्क मिळतात, ते मला पसंत नाहीत. पाणी शिरलं तर एका झटक्यात काढता येत नाहीत. आणि बापूंना हेही सांग की बंगारमसारखी एखाददुसरी जागा सोडली तर त्या बेटांवर दारूबंदी आहे. आपल्या गोव्यातून जाणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं.

सोनूच्या डब्यातले शिंपले आठवून लिहितो. तिथून प्रवाळाचा तुकडा, मेलेला पांढरा असला तरी, उचलायचा नाही. वन्यजीव कायद्यात तो वाघाच्याच यादीत आहे. आणि पांढरा बराच दिसेल. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 साली समुद्र तापला आणि तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. थोडं सावरलं, बरंच गेलं. कागदावरच्या फोटोइतके रंग नसले तर बोटवाल्यावर चिडू नकोस, तो बिचारा काय करणार. जिथं जिवंत आहे तिथं पाय टेकू नका, एवढंच आपल्या हातात. पाठीवर मलम थापण्यापेक्षा तिघंही पूर्ण बाह्यांचे घट्ट टी-शर्ट घाला. पालथं तरंगताना पाठ भाजते ते रात्रीच कळतं.

तुझा शाळेतला जुना मास्क माळ्यावरून काढला. रबर गुळाच्या पाकासारखं चिकट झालंय, टाकून दिला. पाण्यात घालायचे बूट मात्र इथं बायण्याला स्वस्त मिळतात. सोनूला कागदावर उभा करून पेन्सिलीनं पाऊल आखून घे आणि त्याचा फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. मागच्या वेळी पट्टी नव्हती आणि चप्पल दोन बोटं मोठी आली.

आई विचारतेय, जहाजावर कुळथाची पिठी न्यायला देतात का.

तुझा,
बाबा