फायनान्स मेजर घेतलंय, मग ओपन इलेक्टिव्हला गणित का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या बीकॉमचे प्रवेश चालू आहेत, पोरं धडाधड फॉर्म भरतायत, म्हणून हे पत्र लगेच लिहायला घेतलं.

माझी भाची तालुक्याच्या गावी बीकॉम करतेय, फायनान्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन. सुट्टीत आमच्याकडे पुण्याला आली होती, तर एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसली आणि म्हणाली, मामा हे ०.६८१ येतं कुठून ते सांग ना. गणित साधं होतं, ५ वर्षांनी १ लाख मिळणार, दर ८ टक्के, तर आज त्याची किंमत किती. तिने टेबलात, म्हणजे तयार आकड्यांच्या तक्त्यात, बघून उत्तर काढलं होतं, मार्क पण पूर्ण मिळाले असते, पण १ लाखाला १.०८ ने पाच वेळा भागलं की ६८,०५८ येतात आणि टेबलातलं ०.६८१ म्हणजे १ रुपयाचं तेच गणित, हे तिला दोन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तिने स्वतः भागून बघितलं, ९२,५९३, मग ८५,७३४, असं करत खाली आली आणि तिचा चेहराच खुलला. मला मात्र वाईट वाटलं.

पोरगी हुशार आहे. अकरावीत सगळे म्हणाले मॅथ्स टक्के खाली ओढतं, एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घे, म्हणून एसपी घेतलं. पुढे एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षी, ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मेजरच्या बाहेरचा निवडीचा विषय, मुलं ज्याला ओई म्हणतात ते, निवडायची वेळ आली तेव्हा कॉलेजने जे टाइमटेबलमध्ये बसत होतं ते दिलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या राज्याने जी रचना केलीय तिच्यात ओई दुसऱ्या फॅकल्टीचंच घ्यायला लागतं, म्हणजे कॉमर्सच्या पोराला सायन्सकडचं मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स घ्यायला ही एकदम सरळ वाट आहे, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, तर स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही फॅकल्टीतून चालतो. त्याच आवारात सायन्सची विंग आहे, गणिताचे सर आहेत, तरी फायनान्सच्या पोरांना तिकडे कोणी पाठवलं नाही. मी मुंबई विद्यापीठातून बीकॉम केलं तेव्हा एफवायला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्सचा पेपर सगळ्यांनाच होता, आम्ही कुरकुर करायचो पण त्याच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

फायनान्समध्ये विषयांचा क्रम फार महत्त्वाचा असतो हो. स्टँडर्ड डेव्हिएशन आणि कोरिलेशन नीट कळलं नसेल तर पोर्टफोलिओचा पेपर नुसता पाठांतर होतो, बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप) म्हणजे काय हे कधीच पोटात उतरत नाही, आणि प्रोबॅबिलिटी नसेल तर ऑप्शन्सचं, म्हणजे ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या-विकायच्या हक्काचं, प्राइसिंग डोक्यावरून जातं. म्हणून पहिल्या वर्षी अकाउंट्स, मायक्रो इकॉनॉमिक्स आणि स्टॅट, दुसऱ्या वर्षी फायनान्शियल मॅनेजमेंट आणि त्याच्या जोडीला स्किलच्या क्रेडिटमध्ये (क्रेडिट म्हणजे डिग्रीसाठी जमवायचं अभ्यासाचं माप) एक्सेल (टॅली चांगलंच आहे पण ते एक्सेलच्या जागी चालत नाही), आणि ऑप्शन्ससारखे डेरिव्हेटिव्हज वगैरे तिसऱ्या वर्षी. ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाचे, ४ क्रेडिट पण ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणून उरकू नका, एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा पतसंस्थेत खरोखर जाऊन बसा, कर्जाची फाईल उघडून बघा, त्यातून जे कळतं ते पुस्तकात नसतं.

कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रवेशाच्या खिडकीशी तीन वर्षांचा तक्ता लावा. कुठल्या विषयाच्या आधी काय यायला हवं ते त्यात मराठीत लिहा, तीन वर्षांच्या डिग्रीचे १३२ क्रेडिट कुठून कसे होतात तेही. आपल्याकडे शिक्षक नसेल तर ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स घेऊ द्या, यूजीसीच्या नियमात सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून चालतात, फक्त कॉलेजने आधी मान्यता द्यायला हवी आणि हे मुलांच्या कानावर घालायला हवं, गावाकडच्या किती मुलांना हे माहीत असतं?

भाचीचं मायनर आता बदलत नाही. बालभारतीचं अकरावी कॉमर्सचं गणित मी तिला आणून दिलंय, दर रविवारी रात्री आम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक उदाहरणसंग्रह सोडवतो, गेल्या रविवारी कोरिलेशन झालं.

- एक वाचक, पुणे