तीनशे मीटरची भिंत

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला, तेव्हा आधी कान पकडतो. मी आखतोय त्या मंडपानं पुरता गिळलाय मला. फोनवर ओझरतं बोललो होतो बघ: माणसाचा इतिहास आणि तारे, आणि आत घटकाभर शांत बसता येईल अशी जागा. 'चिंतनमंडप' हे नाव समितीनं ठेवलंय. मला ते तितकंसं रुचत नाही. 'चिंतन कर' म्हटलं की माणूस हमखास घड्याळाकडे बघतो.

माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे तुला हसून घेता येईल. नॅन्सी होल्ट या शिल्पकर्तीनं यूटाच्या वाळवंटात काँक्रीटच्या चार अजस्र नळ्या मांडल्यात, 1976 मध्ये पूर्ण झाल्या त्या. नळ्यांना तारकासमूहांच्या आकारात भोकं आहेत. तारा जितका ठळक तितकं भोक मोठं. ऊन आत शिरलं की नळीच्या पोटात उजेडाचे तारे सांडतात. मी ती कल्पना उचलली आणि वर शहाणपणा केला: आपल्या छताला भोकं पाडू आणि रात्री प्रत्येक भोकातून खरा तारा दाखवू. थर्माकोलचं मॉडेल केलं, टाचणीनं चाळीस भोकं पाडली, टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याभोवती मिरवलो. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात उजेड पडला. आकाश चार मिनिटांना एक अंश सरकतं! भोकात आलेला तारा माणसानं मान वर करेपर्यंत निघून जाणार. शाळेत असताना गच्चीवर मला हे तूच शिकवलं होतंस. छप्पर कचऱ्यात गेलं.

त्यातून एकच भोक वाचलं, ध्रुवाचं. आता ती 3 मीटर लांब आणि 8 सेंटिमीटर व्यासाची नळी झालीय. खालच्या तोंडाशी डोळा लावला की जेमतेम दीड अंश आकाश दिसतं. ध्रुवही अगदी स्थिर नाही, सव्वा अंश व्यासाचं वर्तुळ काढतो, पण तेवढं नळीत मावतं. उत्तर गोलार्धात कुठेही मंडप बांधा, जागेचा अक्षांश तोच नळीचा चढ. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की नळी कायमची बरोबर राहणार नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं घेतो. पिरॅमिड उभे राहिले तेव्हा ध्रुवाच्या जागेजवळ ठुबान नावाचा तारा होता, आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित तारा त्या बाजूला येईल. काही शतकांनी कुणीतरी नळीला डोळा लावेल आणि आपला ध्रुव तिथे नसेल. समितीतल्या एकानं विचारलं, "मग ॲडजस्ट करायची सोय ठेवू या का?" मी नको म्हटलं.

आता भिंतीविषयी, कारण खरा वाद तिच्यावरून पेटलाय. आत जाताना डावीकडे मातीची एक सलग भिंत आहे, 300 मीटर. एक मीटर म्हणजे हजार वर्षं, आणि शेवटचं टोक म्हणजे आज. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्या जातीच्या माणसाचे अवशेष सापडले, ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. तिथून सुरुवात. मग चालत राहायचं. दक्षिण आफ्रिकेच्या ब्लॉम्बोस गुहेत दगडाच्या तुकड्यावर गेरूनं आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या मिळाल्या, ती खूण येते शेवटून 73 मीटरवर. लास्कोच्या गुहेतली जनावरं 17 मीटरवर. लेखन शेवटून पाच मीटरवर. आणि तुझं-माझं अख्खं आयुष्य? चार बोटं. भिंतीला हात टेकवून बघितलं मी, नेमकी चार बोटं.

समितीचं म्हणणं, पहिले सव्वादोनशे मीटर भिंत कोरी कशी ठेवता? स्क्रीन लावा, आदिमानव दाखवा, मागून आवाज सोडा. मी म्हटलं, त्या सव्वादोनशे मीटरमध्येही माणसं जन्मली, भांडली, कुणाच्या तरी उशाशी जागत बसली. त्यांनी काय केलं हे आपल्याला फारसं ठाऊक नाही, तर भिंतीनं तरी बडबड का करावी? एक बाई मान डोलावत होत्या. बाकीचे चहाच्या ब्रेकची वाट बघत होते.

पण गंमत अशी की ताऱ्यांनाही हीच फूटपट्टी चालते. मीटरला हजार प्रकाशवर्षं; उजेड वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. म्हणजे आज रात्री कृत्तिकांचा तारकापुंज बघितलास तर तो उजेड भिंतीच्या शेवटून 44 सेंटिमीटरवर निघालेला, गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याच्याही आधीचा. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा, मात्र आपल्या आवाक्यातली नाही, तिच्यासाठी भिंत अडीच किलोमीटर न्यावी लागेल. माझी लाडकी जागा साडेसात मीटरवर आहे. वृषभ राशीत, रोहिणीपासून फार लांब नाही, एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि उजेड निघाला. तेव्हा पृथ्वीवर कुणाला लिहिता येत नव्हतं. तो वाटेत असताना पाच मीटरच्या खुणेशी माणूस लिहायला शिकला, आणि 1054 साली, शेवटून 97 सेंटिमीटरवर, तो पोचला तेव्हा चीनमध्ये त्याची नोंद करणारे तयार होते. त्यांनी त्याला 'पाहुणा तारा' म्हटलं. तेवीस दिवस तो भरदिवसा दिसत होता. आज तिथे त्या स्फोटातून उरलेला ढग आहे, क्रॅब तेजोमेघ. उजेड निघाला आणि पोचला या दोन खुणांमध्ये मी भिंतीत नुसती एक खाच ठेवलीय, बोट फिरवत जाता येईल अशी. पाटी नाही.

आता माझी अडचण. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि 300 मीटर चालायला पाच. कोरी भिंत तिथेच कामाला येते: ती जितकी रेंगाळायला लावेल तितकं पलीकडच्या उघड्या अंगणात आकाश भरलेलं दिसेल. म्हणून खाली वाळू घातली, वाटेला वळणं दिली, तीन ठिकाणी बसायला कट्टे केले. दिवे पायाशी, लाल आणि अगदी मंद, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. तरी माझा हिशेब अठरा मिनिटांच्या पुढे सरकत नाही. चौथा कट्टा घालावा तर वाट रेल्वेच्या प्लॅटफॉर्मसारखी दिसते.

तेव्हा एक काम कर. आपल्या वयाचे डोळे काय म्हणतात ते मला हवंय, आणि माझ्या मोतीबिंदूवर माझा भरवसा नाही. निरभ्र रात्री, चंद्र नसताना, घरातले दिवे घालवून गच्चीवर जा. मोबाइल खाली ठेव, खरंच खाली ठेव. पाचव्या मिनिटाला कृत्तिकांतले तारे मोज, मग अठराव्या, मग तिसाव्या. तिन्ही आकडे मला लिहून पाठव. अठराव्याला आणि तिसाव्याला तेवढेच भरले तर चौथा कट्टा रद्द.

तुझा,
भिंतवाला