पिल्लांसाठी तात्पुरती घरं हवीत
सभासदहो, म्हापशाच्या बाजारामागे पावसात सापडलेली कुत्र्याची चार पिल्लं घरी आणली आहेत. वय साधारण 6 आठवडे. कायमचं घर मिळेपर्यंत कुणी जोडीनं नेली तर बरं, एकटं पिल्लू रात्रभर रडतं. जंताचं औषध दिलंय. पार्वोच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) लशीचे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका. रेबीजची लस 3 महिन्यांची झाल्यावर. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं ते लसीकरणाच्या जोरावर, तेव्हा टाळाटाळ नको. दूध बाधतं, मऊ पेजेत उकडलेली कोंबडी कुस्करून द्या, मिठाशिवाय.

निवृत्तीनंतर मी नऊपर्यंत लोळत पडायचो. आता साडेपाचला सोप्यावरचे ओले पेपर उचलत असतो (गुडघे कुरकुरतात, पण ऐकतो कोण!).

नेताना जुनी चादर आणा. उद्या संध्याकाळपर्यंत इथंच कळवा.