काळा डाग चालेल, रात्रीचा ठणका नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याच्या लोकमान्यनगर भागात अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला मुलांची वजनं घेते, उंची मोजते, लसींची कार्डं बघते. इतक्या वर्षांत एखाद्या पोराला 'आ कर' म्हणून त्याच्या तोंडात डोकावले असेन, असं मात्र आठवत नाही. ती सवय लागली ती घरच्याच अनुभवानं, म्हणून लहान मुलांच्या किडलेल्या दातांबद्दल हे पत्र.

माझा नातू तेव्हा नुकताच चार वर्षांचा झाला होता. एका रात्री दोन वाजता गालाला हात लावून उठला तो पहाटेपर्यंत रडत राहिला. लवंगेचं तेल लावून झालं, मांडीवर घेऊन फेऱ्या मारून झाल्या. शेवटी लेकीनं मोबाइलची बॅटरी तोंडात मारली. वरचे पुढचे चार दात उंदरानं कुरतडल्यासारखे, मागच्या दाढांत खड्डे. खालचे पुढचे चार मात्र शाबूत. असं का, ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं. बाटली तोंडात घेऊन मूल झोपलं की गोड दूध वरच्या दातांशी साचून राहतं, झोपेत लाळही कमी सुटते. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते वाचतात. लेक सकाळी वाशी लोकलनं घणसोलीला कामाला जाते, रात्री थकून येते. पोराला झोपवणं माझ्याकडे. दोन चमचे साखर घातलेली ती बाटली मीच देत होते. दुसऱ्यांच्या आयांना आहाराचे धडे देणारी मी!

पहिल्यांदा गेलो तो एक झगमगीत दवाखाना होता. मशीनचा आवाज सुरू झाला आणि पोरानं जो आकांत मांडला! जावयानं पाय धरले, दोघींनी हात धरले, तरी एक दाढसुद्धा पुरी झाली नाही. त्यानंतर तो न्हाव्याच्या खुर्चीतही बसेना. खुर्ची वर गेली की किंकाळी. जावयानं घरीच केस कापले, ते कसे कापले ते विचारू नका. मग आम्हाला सांगण्यात आलं की पूर्ण भूल देऊन आठही दात एका दमात करावे लागतील, खर्च ८५ हजार. माझ्या मानधनाशेजारी तो आकडा ठेवून मी बराच वेळ गप्प बसले. पूर्ण भूल वाईट, असं मला म्हणायचं नाही. काही मुलांना ती लागतेच. पण याहून सोपं काही आहे का, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही, आणि आम्हालाही तो सुचला नाही.

शेवटी शेजारणीच्या सांगण्यावरून एका दंत महाविद्यालयात गेलो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पोराला खुर्चीत न बसवता लेकीच्या मांडीवरच आडवं घेतलं, आरशानं दात मोजले आणि म्हणाल्या, "आजी, यातलं बरंचसं खोदायची गरज नाही."

मला ते पटेना. याला कारण आपली भाषाच. आपण म्हणतो, दाताला 'कीड' लागली. माझ्या लहानपणी गावाकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड 'काढायचे', परातीतल्या पाण्यात पडलेल्या अळ्या दाखवायचे. त्या अळ्या खरं तर बियांमधलेच पांढरे अंकुर, हे आता कळतं. पण मनात बसलेलं जात नाही. कीड म्हणजे काहीतरी वळवळणारं, ते उकरून बाहेर काढलं तरच उपाय झाला. डॉक्टरबाईंनी समजावलं की अळी वगैरे काही नसते. दातावरचे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात विरघळत जातो. जंतू मारले किंवा त्यांचं खाणं तोडलं, तर पोखरणं जागीच थांबतं. थांबलेला भाग टणक होतो.

त्यांनी वापरलेल्या औषधाचं नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड. ओठांना व्हॅसलीन लावलं, दात कापसानं कोरडे केले आणि चिमुकल्या ब्रशनं थेंब थेंब लावलं. प्रत्येक जागी मिनिटभर. पोरगा मोठ्यानं आकडे मोजत होता. इंजेक्शन नाही, घरघर नाही. "लोखंडासारखं लागतंय," एवढीच तक्रार. यातली चांदी जंतू मारते आणि फ्लुओराइड दाताला बळ देतं. जपानमध्ये हे औषध १९७० पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. अभ्यासांत साधारण दहातल्या आठ पोकळ्या याने थांबलेल्या दिसल्या आहेत. मात्र एकदा लावून भागत नाही. वर्षातून दोनदा लावलं तर गुण जास्त टिकतो.

खालच्या उजव्या दाढेला त्यांनी स्टीलची टोपी बसवली. आधी दाढांच्या फटीत रबराची बारीक रिंग घालून चार दिवस जागा केली. मग टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर दाबली आणि पोरालाच कापूस चावायला लावला. दाढ कोरली नाही, भूल दिली नाही. आतले जंतू कोंडले जातात, त्यांना साखर मिळत नाही, उपाशी पडतात. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या डॉ. नॉर्ना हॉल या साधी प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्य बाईंची. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या केसेस तपासून २००६ मध्ये शोधनिबंध निघाला, तेव्हा जग चकित झालं. सुरुवातीचे काही दिवस दात जुळत नव्हते, तेवढ्यापुरता मऊभात. दोनेक आठवड्यांत चावा आपोआप बसला. पोरगा ती टोपी सगळ्या वाडीला दाखवून आला.

सगळं असंच गोड झालं नाही. डावीकडच्या दाढेखाली हिरडीवर पुवाचा फोड होता. रात्रीचा ठणका तिचाच. तिथे औषध आणि टोपी दोन्हीचा उपयोग नव्हता, ती दाढ काढावीच लागली. ठणका लागण्याआधी आलात तरच हे सोपे उपाय चालतात, असं डॉक्टरबाई बजावून म्हणाल्या.

आता काळ्या डागाबद्दल. हे औषध लावलं की किडलेली जागा कायमची काळी पडते. ते आधीच सांगतात, फोटो दाखवतात, सही घेतात. तरी विहीणबाई महिनाभर नाराज होत्या. "फोटोत कसा दिसेल पोरगा?" माझ्या अंगणवाडीतल्या आया तर स्पष्टच म्हणतात, "मुलगी आहे हो बाई." मी त्यांना सांगते, पुढचे दुधाचे दात मूल सहा-सात वर्षांचं झालं की पडणारच आहेत, हवं तर वरून पांढरं सिमेंटही भरतात. "मग पडणारेच आहेत तर करायचं कशाला?" हा पुढचा प्रश्न. कारण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाला लागतात, येणाऱ्या दातांची जागा राखतात. आणि दुखरं तोंड जेवत नाही. वजनाच्या तक्त्यावर पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात अडकलेल्या एका मुलीला मी महिनोन्‌महिने खिचडीचा आग्रह करत होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाढा पोखरलेल्या होत्या हो!

तेव्हापासून माझ्या वहीत दातांसाठी मी स्वतःच एक रकाना आखला आहे. पहिल्याच दिवशी पान भरलं.

आता माझं मुख्य म्हणणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलं तपासतात, त्यांत किडलेले दातही आहेत. तपासणी पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, आणि हे औषधही वर्षातून दोनदाच लावायचं असतं! पथकात वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता असतात, दंतवैद्य नसतो. त्यामुळे दात किडलेला दिसला की पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. यात पथकाचा दोष नाही. पण वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या आईचा एक दिवस गेला की खाडा पडतो. ती चिठ्ठी आधार कार्डाच्या पिशवीत घडी होऊन राहते आणि पोराला ठणका लागला की मगच बाहेर निघते.

नेरूळ, खारघर, कामोठे या पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. ठाण्यात, नवी मुंबईत गल्लोगल्ली दंतवैद्य आहेत. पथकाच्या या दोन भेटींना एक दंतवैद्य किंवा शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकाऊ डॉक्टर सोबत आले, तर आयांची संमती घेऊन जागच्या जागी औषध लावून होईल. वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही. चांदीची अ‍ॅलर्जी, तोंडातले फोड, हिरडीवरचा पू हे बघायला जाणकार हवा, म्हणून हे काम आम्हा सेविकांवर ढकलू नये. आमच्याकडे माहिती भरायची ॲप आधीच पुष्कळ आहेत.

ब्रश आणि पेस्टचं मात्र आमच्याकडे द्या, ते आम्ही करू. फ्लुओराइडची पेस्ट, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, रात्री आईनं स्वतः घासायचं आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. बाटलीबद्दल तर मी आता स्वतःच्या घरची गोष्ट सांगते. सल्ल्यापेक्षा ती जास्त ऐकतात.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं यंदाच्या पुढच्या फेरीपासून निदान एका प्रभागात हे करून बघावं. आमच्या अंगणवाडीपासून सुरुवात केली तरी चालेल. मुलांची यादी तयार आहे, कोणाच्या कुठल्या दाताला काय ते लिहिलेलं आहे. औषधाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, म्हणून टेबलावर अंथरायला जुनी चादरही धुऊन ठेवली आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
लोकमान्यनगर, ठाणे (पश्चिम)