फुफ्फुस कधीच रिकामं होत नसतं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत श्वसनावर एक लेख आला होता. त्यातल्या तीन मुद्द्यांखाली माझ्या वडिलांनी लाल पेनाने रेघा ओढल्या होत्या. आपण फुफ्फुसाचा जेमतेम दहावा हिस्सा वापरतो, हा पहिला. न वापरलेली हवा तळाशी शिळी होऊन साचते, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे उपाय: पोट पाठीला लागेपर्यंत जोर लावून श्वास बाहेर टाका आणि फुफ्फुस पूर्ण रिकामं करा.

मी कामावरून घरी पोचले तेव्हा कात्रण टेबलावर चष्म्याच्या डबीखाली होतं. बाबा टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून, खांदे उचलून, पुढे वाकून बसले होते. ओठ निळसर पडले होते. नुकताच तो उपाय त्यांनी तीनदा करून पाहिला होता. मी त्यांना बोलू दिलं नाही. नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा, घाई नको, एवढंच सांगत शेजारी बसले. श्वास जागेवर यायला पाऊण तास गेला. मग त्यांनी कात्रणाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचाच श्वास घेत होतो का गं?"

फुफ्फुसाच्या तपासण्या करणं हेच माझं काम आहे. बावीस वर्षं झाली. रोज माणसांच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात माउथपीस द्यायचा आणि ओरडायचं: घ्या घ्या घ्या, पूर्ण भरा, आता जोरात फुंका, सोडा, अजून, अजून, थांबू नका! त्या प्रश्नाचं उत्तर मी बाबांना त्याच रात्री दिलं. पण तो लेख वाचून दम्याच्या, सीओपीडीच्या (फुफ्फुसातून हवा नीट बाहेर पडत नाही, अशा जुनाट आजाराच्या) आणखी किती माणसांनी टेबलाची कडा धरली असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी हिशेब मांडते. मध्यम उंचीच्या निरोगी पुरुषाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून साधारण ६ लिटर हवा मावते. बाईच्या फुफ्फुसांत याहून पाव हिस्सा कमी. शांत बसल्यावर एका श्वासात आत-बाहेर होते ती अर्धा लिटर. शांत श्वास घेतल्यावरही आणखी ३ लिटरच्या आसपास हवा आत ओढता येते. शांत श्वास सोडल्यावर जोर लावून आणखी १.२ लिटर बाहेर काढता येते. आणि एवढं सगळं करून, चेहरा लाल होईपर्यंत फुंकूनही, १.२ लिटर हवा आत राहतेच. ती आम्हाला कुणालाही, कितीही ओरडून, बाहेर काढता आलेली नाही. काढता येतच नाही. तिला रेसिड्युअल व्हॉल्यूम म्हणतात.

लेखातला दहावा हिस्सा कुठून आला ते या आकड्यांत दिसतं. पूर्ण भरून पूर्ण फुंकलं की जी हवा निघते तिला व्हायटल कपॅसिटी म्हणतात. वरच्या हिशेबाने ती ४.८ लिटर. त्यात अर्धा लिटर म्हणजे दहावा हिस्सा. आकडा बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला तेवढंच लागतं. बाकीची शिल्लक जिना चढायला, धावायला, खोकायला, हाक मारायला आहे. दमून धावणारा खेळाडूसुद्धा ही क्षमता पूर्ण वापरत नाही, साधारण निम्म्याच्या थोडी वर जातो.

आता शिळ्या हवेबद्दल. शांत श्वास सोडला की त्या क्षणी फुफ्फुसात सुमारे २.४ लिटर हवा असते. नव्या अर्ध्या लिटरमधली १५० मिलिलिटर तर नाक, घसा, श्वासनलिका इथेच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचते ती ३५०. म्हणजे एका श्वासात आतली हवा जेमतेम सातवा हिस्सा बदलते. लेखक याला दोष समजले आहेत. पण श्वास थांबून थांबून येतो आणि रक्त मात्र न थांबता वाहत असतं. दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला प्राणवायू देते ती हीच आतली हवा. ती नसती तर प्रत्येक उच्छ्वासाला रक्तातला प्राणवायू खाली आला असता आणि प्रत्येक श्वासाला उसळला असता. भूल देण्याआधी डॉक्टर रुग्णाच्या तोंडावर मास्क धरून काही मिनिटं शुद्ध प्राणवायू देतात, तो याच साठ्यात भरायला. मग घशात नळी घालेपर्यंत श्वास थांबला तरी हाताशी काही मिनिटं मिळतात. ज्या हवेला लेखात कचरा ठरवलंय, तिच्याच भरवशावर ऑपरेशन टेबलावरचा माणूस तेवढा वेळ सुखरूप असतो.

ही हवा आत टिकते कशी, हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. फुफ्फुस आणि छातीचा पिंजरा यांची आयुष्यभर ओढाताण चालू असते. फुफ्फुसाला आकसायचं असतं, पिंजऱ्याला फुलायचं असतं. दोघांच्या मध्ये द्रवाचा पातळ थर असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका कमी असतो. छातीला भोक पडून तिथे हवा शिरली, तर फुफ्फुस आक्रसून जातं आणि त्याच वेळी पिंजरा बाहेर फुलतो. कोण कुठे ओढत होतं, ते तेव्हा डोळ्यांना दिसतं. शांत उच्छ्वासाच्या शेवटी या दोन्ही ओढी बरोबरीत सुटतात. तिथे एकही स्नायू काम करत नसतो. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली सरकतं, खोल श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंतही जातं. सोडताना मात्र आपण काहीच करत नाही. ताणलेलं फुफ्फुस आपणहून परत येतं.

आणि त्या बरोबरीच्या जागेपलीकडे फुफ्फुस पूर्ण मिटत नाही हे आपलं भाग्य आहे, कारण मिटलेला वायुकोश पुन्हा उघडणं फार कष्टाचं. नव्या फुग्याला पहिली फुंकर किती जड जाते, आठवून पाहा. वायुकोशांच्या आत ओलावा असतो आणि ओलाव्याचा पृष्ठताण त्यांना मिटवायला बघतो. तो ताण कमी करणारा साबणासारखा पदार्थ फुफ्फुस स्वतःच तयार करतं. फार लवकर जन्मलेल्या बाळांना श्वास का पुरत नाही, तर हा पदार्थ त्यांच्यात पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. तोवर त्या बाळांच्या आजाराला नाव होतं, कारण सापडत नव्हतं. अशा बाळांच्या फुफ्फुसात आज हा पदार्थ नळीवाटे घालतात. फुफ्फुस रिकामं करण्याचा सल्ला वाचताना मला ती बाळंच आठवली. त्यांचं फुफ्फुस प्रत्येक उच्छ्वासाला खरोखर मिटायला बघतं, आणि सगळी धडपड ते उघडं ठेवण्यासाठी चालते.

आता बाबांकडे येते. बाबांना एम्फिसिमा आहे. पस्तीस वर्षं सिगारेट ओढली, हे ते स्वतःच सांगतात. या आजारात वायुकोशांच्या भिंती विरतात आणि फुफ्फुसाची परत येण्याची ओढ जाते. मग ओढाताणीत पिंजरा जिंकतो, छाती पिंपासारखी फुगते. आठ वर्षांपूर्वी मी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं. उरलेली हवा फुंकून बाहेर येत नाही, त्यामुळे साध्या यंत्राने ती मोजता येत नाही. १८०० साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने स्वतः हायड्रोजन हुंगून, तो आतल्या हवेत किती पातळ झाला यावरून ती काढली होती. आज हायड्रोजनऐवजी हेलियम वापरतात, किंवा ही केबिन. माणूस आत बसतो, दार बंद होतं, मध्येच माउथपीसची झडप मिटते, बंद झडपेवर त्याने हलके श्वास मारायचे आणि दाबातल्या फरकावरून आतली हवा मोजायची. काचेपलीकडून बाबा माझ्याकडे बघत होते, गालांवर तळहात दाबून, जसं सांगितलं होतं तसं. आकडा आला ४.३ लिटर. त्यांच्या वयाला आणि उंचीला तो अडीचच्या आसपास हवा होता. फुंकून निघालेली हवा ३.१ लिटर, आणि त्यातली पहिल्या सेकंदात १.२. निरोगी माणसाची तीन चतुर्थांश हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. बाबा चौदा सेकंद फुंकत राहिले, तरी आलेख आडवा व्हायला तयार नव्हता, हवा थोडी थोडी येतच होती.

म्हणजे हवा अडकते, हे खरं. मग जोर लावून काढायला काय हरकत? हरकत हीच, की जोर लावला की छातीतला दाब फुफ्फुसाबरोबर बारीक श्वासवाहिन्यांवरही पडतो. निरोगी फुफ्फुसात भोवतालचं ताणलेलं जाळं त्या वाहिन्यांना चहूबाजूंनी उघडं धरून ठेवतं. एम्फिसिमात जाळंच फाटलेलं. वाहिन्या चिमटल्या जातात आणि मागची हवा मागेच राहते. जितका जोर जास्त, तितक्या त्या घट्ट मिटतात. पुढचा श्वास आधीच्या अडकलेल्या हवेवर चढतो, छाती आणखी फुगते, श्वासपटल आणखी सपाट होतं. आपण दोन्ही तळहात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवून श्वास घेतला तर हात बाहेर सरकतात. त्या संध्याकाळी मी बाबांच्या बरगड्यांवर हात ठेवले होते, ते आत ओढले जात होते. सपाट झालेलं श्वासपटल खाली जाऊ शकत नाही, ते बरगड्यांनाच आत खेचतं.

ओठांचा चंबू इथे कामाला येतो. ओठांशी थोडा अडथळा ठेवून सावकाश सोडलं की वाहिन्यांच्या आत दाब टिकून राहतो, त्या उशिरा मिटतात आणि हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. बाबा आठ वर्षं हेच करतात. दोन मोजत घ्यायचं, चार मोजत सोडायचं, जिन्याची पायरी चढायची ती सोडताना. ते चुकीचं नव्हतं. त्यांच्या फुफ्फुसासाठी तेच बरोबर होतं.

श्वास रोखून धरण्याच्या चाचणीचाही लेखात ओझरता उल्लेख आहे. श्वास कधी सोडावासा वाटेल हे बहुतांशी रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड ठरवतो, सवयीनेही त्यात फरक पडतो. २०२० मध्ये 'दहा सेकंद श्वास रोखता आला तर कोरोना नाही' अशा फिरणाऱ्या निरोपाला जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर उत्तर द्यावं लागलं होतं. तेवढं पुरे. फुंकरीने फुफ्फुस मोठं होतं, हाही समज काढून टाकायला हवा. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांना आपल्या यंत्रात फुंकायला लावलं. क्षमता वजनापेक्षा उंचीवर ठरते आणि वयाबरोबर उतरते, हे त्याला तेव्हाच दिसलं. आजही माझ्या यंत्रात रुग्णाचं नाव घातल्यावर मी पहिल्यांदा विचारते ती उंची आणि वय.

दीर्घ श्वास वाईट असं मी म्हणत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, तळाचे वायुकोश मिटतात, तेव्हा तीन बॉलचं यंत्र देतात. त्यातसुद्धा हवा आत ओढायची असते. निम्मे रुग्ण फुंकत बसतात, कारण कुणी करून दाखवलेलं नसतं. निरोगी माणसाचं शरीर ही काळजी स्वतःच घेतं, तासाला दहा-बारा वेळा नकळत एक मोठा उसासा टाकतं आणि मिटू लागलेले कोश उघडतं.

माझी विनंती एवढीच. ज्या पानावर तो लेख आला त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी: ज्यांना दम लागतो, जुना खोकला आहे किंवा ज्यांनी बरीच वर्षं सिगारेट-विडी ओढली आहे, त्यांनी जोर लावून फुफ्फुस रिकामं करण्याचा प्रयत्न करू नये, आधी फुंकायची तपासणी करून घ्यावी. ती बसल्या जागी पंधरा-वीस मिनिटांत होते, सुई टोचत नाहीत.

बाबांनी ते कात्रण फेकलेलं नाही. ते अजून चष्म्याच्या डबीखाली आहे. दुरुस्ती आली की त्याला टाचणीने जोडून ठेवणार, असं म्हणतात. पुरवणी आली की आधी तेच पान उघडतात.

आपली,
एक वाचक
(फुफ्फुस तपासणी तंत्रज्ञ)